शेरा

यवतमाळच्या ट्रेनिंग हॉलमध्ये दोन दिवस
आम्ही बावीस जण, सगळे पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे,
खांबावर आयुष्य गेलेले,
प्लास्टिकच्या खुर्च्यांत अवघडून बसलो होतो.
बाई पुण्याच्या नव्हत्या, दारव्ह्याच्याच होत्या,
म्हणून ऐकलं.
चूक सांगा, म्हणाल्या, माणसाला चूक म्हणू नका.
"तू असाच" हे वाक्य आजपासून बंद.
काय पाहिलं ते सांगा, कधी पाहिलं ते सांगा,
मग गप्प बसा.
गप्प बसायची प्रॅक्टिस त्यांनी
घड्याळ लावून करून घेतली.
दिग्रसचा राऊत अकरा सेकंदांत फुटला.

मग जोड्या पाडल्या. राऊत साहेब झाला, मी नवशिका.
कागदात पाहून, अडखळत त्यानं विचारलं,
"थोटे, आजचं काम तुमचं तुम्हाले कसं वाटलं?"
खोटं काम, खोटा साहेब,
तरी घशात काहीतरी अडकलं.
सव्वीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

माझे उस्ताद खालून शिकवायचे,
दगड मारून. खरंच, दगड.
नेम पक्का होता त्यांचा,
बुटावर बरोबर लागायचा.
शिकलो, हे नाकारत नाही.
डाव्या कोपराशी जी चकाकती कातडी आहे
तीही त्याच शाळेतली.

मे महिना. सायखेडा फीडर.
पावसाळ्याआधीची छाटणी, निंबाच्या फांद्या तारांत शिरलेल्या.
वर छबिता मडावी, विद्युत सहायक,
रुजू होऊन सात महिने,
खांब असा चढते की खाली उभ्या पोरांच्या गप्पा थांबतात.
परमिट दहा ते बारा. साडेअकरा होत आले होते,
पिठाची गिरणी बंद, सरपंचाचे दोन फोन.
तिनं डिस्चार्ज रॉड न लावताच
तारेकडे हात नेला.

लाइन बंद होती.
पण बंद लाइन ही ऐकीव गोष्ट असते,
कुणाच्या घरचं जनरेटर कुठून उलटं येईल
ते तारेलाच ठाऊक.

मी दगडासाठी वाकलो होतो.
"थांब."
मोठ्यानं, पण एवढंच.
हात थांबला. रॉड लागला. फांदी खाली आली.

जीपच्या सावलीत मी कार्ड काढलं.
कौतुक आधी, असं कार्डावर आहे.
"तुझं चढणं चांगलं आहे," मी म्हटलं.
ती म्हणाली, "सर, शिव्याच द्या ना,
मले त्या समजतात."

कार्ड खिशात गेलं.
"मघाशी तुझा हात तारेकडं गेला,
रॉड खांद्यालाच होता. काय झालं?"
आणि गप्प बसलो.
मनात मोजत. अकरा. बारा. राऊतच्या पुढं गेलो.
तिसाच्या पुढं मोजणं सुटलं.
ती हातमोज्याची बोटं एकेक सरळ करत होती.

"तुम्ही खाली घड्याळ पाहात होते," ती म्हणाली.
"तिसऱ्यांदा पाहिलं,
मंग मले वाटलं, उशीर माझ्यामुळंच होऊन रायला."

फॉर्मवर एक रकाना आहे: कर्मचाऱ्याचा अभिप्राय.
तिथं सगळे "काही नाही" लिहितात,
मीच लिहायला लावत आलो.
तिनं पेन मागितलं.
बोनेट इतकं तापलेलं की कागदाखाली टोपी घ्यावी लागली.
लिहिलं, शुद्ध मराठीत, पूर्णविरामासकट:
सरांनी घड्याळ खिशात ठेवावे.
खाली मी सही केली.

मग सबस्टेशनला फोन लावून
परमिट एकपर्यंत वाढवून घेतलं.
सरपंचाचा तिसरा फोन आला, त्याला तेच सांगितलं.
घड्याळ काढून हत्यारांच्या पिशवीत टाकलं,
पक्कडीशेजारी.

पुढच्या खांबापाशी झुला कमरेला बांधता बांधता
तिनं मुद्दाम विचारलं,
"सर, किती वाजले?"
"मले काय माहीत," मी म्हटलं.
ती हसली, चढली.
रॉड आधी.